मार्गदर्शक आणि संशोधक विद्यार्थी

पीएच्.डी.ची पदवी मिळविणें म्हणजे आणखी एक मोठी परीक्षा उत्तीर्ण होणें, अशी पुष्कळांची समजूत असते. परीक्षेमागून परीक्षा देत जो विद्यार्थी एम्.ए. किंवा एम्.एस्सी.पर्यंत आला, त्याला हीही तशीच एक पायरी वाटते. परंतु पहिल्या सहा महिन्यांतच त्याच्या ध्यानांत येतें, कीं येथील व्यवहार अगदीं निराळा आहे. येथें नेमलेलें पुस्तक नाहीं, वेळापत्रक नाहीं, तासाची घंटा नाहीं. प्रश्नही आपणच काढावयाचा आणि त्याचें उत्तरही आपणच शोधावयाचें. ह्या साऱ्या वाटचालींत, ज्याच्या विद्वत्तेवर, सवडीवर आणि कित्येकदां मर्जीवर आपलें भवितव्य चार-पांच वर्षें अवलंबून राहावयाचें, असा एकच मनुष्य असतो. तो म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापक.

ह्या नात्याला आपल्याकडे गुरुशिष्यांच्या नात्याची उपमा सहजच दिली जाते. उपमा सुंदर आहे, पण अपुरी आहे. जुन्या गुरूनें आपल्याजवळची विद्या शिष्याच्या स्वाधीन करावी आणि शिष्यानें ती जशीच्या तशी जतन करावी, अशी रीत होती. संशोधनांत शिष्याकडून असणारी अपेक्षा जवळ जवळ उलट आहे. गुरूला जें ठाऊक नाहीं तें त्यानें शोधून काढावें, आणि गुरूचें मत चुकीचें ठरत असल्यास तेंही पुराव्यानिशीं दाखवावें, ह्यासाठींच त्याला पदवी द्यावयाची असते. शिवाय मार्गदर्शकाच्या हातीं तीन अधिकार एकवटलेले असतात. तो शिकवितो, कामाची पारखही तोच करतो, आणि पुढें नोकरीच्या वेळीं शिफारसही त्याचीच लागते. एवढें सारें ज्याच्या हातीं, त्याच्याशीं मतभेद कसा करावा, हाच संशोधक विद्यार्थ्यापुढील खरा पेंच आहे. महाराष्ट्राला सुपरिचित अशा तिघांच्या विद्यार्थिदशेवरून तो कांहींसा उलगडून पाहतां येईल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1920 सालीं लंडनला परत गेले, ते सिडनहॅम कॉलेजांतील प्राध्यापकीच्या पगारांतून शिल्लक टाकलेली रक्कम, शाहू महाराजांचें साहाय्य आणि एका मित्राकडून घेतलेली उसनवारी एवढ्या बळावर. त्यापूर्वी 1917 सालीं शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें त्यांना लंडनमधील शिक्षण अर्धवट टाकून मायदेशीं यावें लागलें होतें. दुसऱ्या खेपेस ते ब्रिटिश म्यूझियमच्या ग्रंथालयांत दार उघडल्यापासून मिटेपर्यंत बसत आणि खाण्यापिण्यांत जेवढी काटकसर करतां येईल तेवढी करीत. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें त्यांचे मार्गदर्शक होते प्राध्यापक एडविन कॅनन. ऑक्टोबर 1922 मध्यें आंबेडकरांनीं रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध सादर केला, आणि 1923 च्या मार्चमध्यें तो फेरलेखनासाठीं त्यांच्या हातीं परत आला. ब्रिटिश राज्यकर्त्यांच्या चलनविषयक धोरणावर त्यांत केलेली झोंबरी टीका परीक्षकांना रुचली नाहीं, असें चरित्रकारांनीं नमूद केलें आहे. जवळचे पैसे संपत आले होते. आंबेडकर मुंबईस परतले, त्यांनीं प्रबंध पुन्हा लिहिला, मांडणींत फरक केला, परंतु निष्कर्ष सोडले नाहींत. ऑगस्टमध्यें तो पुन्हा सादर झाला आणि नोव्हेंबर 1923 मध्यें स्वीकारला गेला.

ह्या हकीकतींतील अधिक बोधप्रद भाग पुढेंच आहे. त्याच वर्षअखेर प्रबंध ग्रंथरूपानें निघाला, तेव्हां त्याला प्रस्तावना कॅनन ह्यांनीं लिहिली. सुवर्ण-विनिमय पद्धतीला आंबेडकरांचा जो कडवा विरोध होता, तो कॅनन ह्यांना मान्य नव्हता, आणि त्यासाठीं दिलेले बहुतेक युक्तिवादही त्यांना पटले नव्हते. हें त्यांनीं प्रस्तावनेंतच उघडपणें सांगितलें, आणि त्याबरोबरच आपल्या विद्यार्थ्याच्या विचारांतील टवटवीचें मनापासून कौतुकही केलें. विद्यार्थ्याचें मत मान्य नाहीं, तरी त्याचें काम मान्य आहे, असें छापून सांगणारा मार्गदर्शक लाभणें हें मोठें भाग्य होय. विद्यार्थ्याच्या बाजूनेंही येथें एक मर्म आहे. कोणती दुरुस्ती भाषेची व मांडणीची आणि कोणती सिद्धान्ताची, हें त्यानें नीट ओळखलें. पहिली त्यानें केली आणि दुसरीला हात लावूं दिला नाहीं. मार्गदर्शकानें लाल शाईनें रंगविलेलें प्रकरण हातीं येतांच ज्याचा धीर सुटतो, त्यानें प्रथम हीच विभागणी करून पाहावी. बहुधा दहांपैकीं आठ खुणा पहिल्या प्रकारच्या निघतात.

प्रत्येकाच्या नशिबीं कॅनन असतोच असें नाहीं. इरावती कर्वे 1928 सालीं कर्ज काढून बर्लिनला गेल्या. पति दिनकरराव कर्वे ह्यांनीं स्वतः जर्मनींत रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळविलेली असल्यामुळें त्यांचा पाठिंबा होता, पण सासरे महर्षि कर्वे ह्यांना ही कल्पना पसंत नव्हती. बर्लिनमध्यें त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. 1927 सालीं स्थापन झालेल्या मानववंशशास्त्र संस्थेचे ते संचालक होते आणि वंशभेदाच्या तत्त्वज्ञानाचे मोठे पुरस्कर्ते होते. गोऱ्या युरोपियनांची बुद्धि अधिक तर्कनिष्ठ असते आणि तिची खूण कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंच्या असमानतेंत सांपडेल, असें फिशर ह्यांचें अनुमान होतें. तें पडताळण्याचें काम त्यांनीं ह्या हिंदी विद्यार्थिनीकडे सोंपविलें. इरावतीबाईंनीं 149 कवट्यांची बारकाईनें मापें घेतलीं. त्यांतील कित्येक कवट्या जर्मनीच्या पूर्व आफ्रिकेंतील पूर्वीच्या वसाहतींतून आणलेल्या होत्या. मापें जमा झालीं, आंकडे मांडले, आणि असमानतेचा वंशाशीं कांहीं संबंध दिसत नाहीं, असा निष्कर्ष निघाला.

आतां त्या तरुण विद्यार्थिनीची परिस्थिति ध्यानांत घ्यावी. देश परका, भाषा परकी, डोक्यावर कर्ज, आणि पदवी देणें न देणें ज्याच्या हातीं, त्याचेंच अनुमान खोटें ठरत आहे. आंकडे थोडेसे इकडचे तिकडे केले असते, कांहीं मापें गाळलीं असतीं, तर मार्गदर्शक प्रसन्न झाला असता आणि त्या काळीं कोणाला संशयही आला नसता. इरावतीबाईंनीं मापें जशीं होतीं तशींच प्रबंधांत घातलीं. 1930 सालीं त्यांना पदवी मिळाली, पण श्रेणी मिळाली ती अगदीं खालची. फिशर 1933 सालीं, नाझी राजवटींत, बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरु झाले. त्यांचें वंशविज्ञान पुढें जगानें टाकून दिलें. इरावतीबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत 1939 पासून अध्यापन व संशोधन करूं लागल्या आणि ‘युगान्त’कर्त्या म्हणून मराठी वाचकांच्या घराघरांत पोंचल्या. त्यांची ती श्रेणी आज कोणाला आठवतही नाहीं. परंतु 1930 सालीं हें भविष्य त्यांना ठाऊक नव्हतें, ही गोष्ट विसरतां कामा नये. खरें लिहिल्याची किंमत त्या वेळीं त्यांनीं रोख मोजली होती.

तिसरें उदाहरण कमला भागवत, म्हणजेच पुढें कमला सोहोनी ह्यांचें. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्यावर 1933 सालीं त्यांनीं बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे अर्ज केला. संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन ह्यांनीं, अर्जदार स्त्री आहे एवढ्याच कारणास्तव, तो नाकारला. कमलाबाईंनीं सत्याग्रहाचा मार्ग धरला, आणि अखेर प्रवेश मिळाला, तोही अटींवर. पहिलें वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानलें जाणार नव्हतें. मार्गदर्शक सांगतील तेव्हां, रात्रींसुद्धां, काम करावें लागणार होतें, आणि प्रयोगशाळेचें वातावरण त्यांच्यामुळें बिघडतां कामा नये अशीही एक अट होती. अपमान गिळून त्यांनीं काम सुरू केलें. मार्गदर्शक श्रीनिवासय्या शिस्तीला कडक होते, पण विद्या देण्यांत हात आंखडणारे नव्हते. दूध व कडधान्यें ह्यांतील प्रथिनांवर त्यांनीं केलेल्या कामाला 1936 सालीं एम्.एस्सी. मिळाली, आणि पुढें त्या संस्थेचीं दारें स्त्रियांना खुलीं झालीं.

नंतर त्या केंब्रिजला गेल्या. तेथें आरंभीं डेरेक रिक्टर ह्यांच्याकडे काम होतें. ते दुसरीकडे गेल्यावर कमलाबाई रॉबिन हिल ह्यांच्या हाताखालीं वनस्पतींच्या श्वसनक्रियेकडे वळल्या. सायटोक्रोम सी हें द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असतें, हें त्यांनीं दाखविलें. 1939 सालीं त्यांना पीएच्.डी. मिळाली. प्रबंध सुमारें 40 पानांचा होता. प्रबंधाचें वजन पानांवरून करणाऱ्यांनीं हा आंकडा लक्षांत ठेवावा. मार्गदर्शक बदलला म्हणजे सारें बुडालें, असें मानणाऱ्यांनींही ही हकीकत लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

ह्या थोरांच्या कथा ऐकून आजचा विद्यार्थी म्हणेल, कीं आमच्या अडचणी इतक्या भव्य नाहींत. तें खरेंच आहे. त्याची अडचण अशी असते, कीं प्रकरण देऊन तीन महिने झाले आणि सरांकडून उत्तर नाहीं. बाईंच्या खोलीबाहेर उभें राहावें तर त्या बैठकीला गेलेल्या. शिष्यवृत्ति मंजूर आहे, पण हातीं पडलेली नाहीं. जानेवारी 2023 पासून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची रक्कम दरमहा 37,000 रुपये झाली खरी, परंतु ती सर्वांना मिळत नाहीं, आणि मिळते तीही कित्येकदां वेळेवर मिळत नाहीं. घरीं गेलें, कीं काका-मामा विचारतात, अजून शिक्षण संपलें नाहीं का? बरोबरीचे मित्र नोकरीला लागून घरें बांधतात, आणि हा मात्र ग्रंथालयाच्या कोपऱ्यांत टिपणें काढीत बसलेला असतो. मराठींतून शिकून आलेल्याला इंग्रजींत प्रबंध लिहितांना आपली बुद्धिच कमी आहे असें वाटूं लागतें. वास्तविक कमी असतो तो केवळ सराव.

ह्यावर कांहीं साधे उपाय आहेत. मार्गदर्शकाचें मौन हें बहुधा रागाचें लक्षण नसतें. शिकविणें, बैठका आणि इतर विद्यार्थी ह्यांत तो गुंतलेला असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणें एका प्राध्यापकाकडे एका वेळीं आठपर्यंत, सहयोगी प्राध्यापकाकडे सहापर्यंत आणि साहाय्यक प्राध्यापकाकडे चारपर्यंत विद्यार्थी असूं शकतात. तेव्हां त्याच्यापुढें शंभर पानें ठेवून ‘कसें झालें?’ असें विचारण्यापेक्षां दहा पानें ठेवून दोन नेमके प्रश्न विचारावे. उत्तर लवकर मिळतें. भेट झाली, कीं त्याच दिवशीं काय ठरलें तें चार ओळींत लिहून त्यांच्याकडे पाठवावें. पुढें विस्मरण झालें तर ह्या चार ओळी दोघांनाही उपयोगी पडतात. प्रयोगाची वही तारखेनिशीं ठेवावी. निबंध छापावयाचा झाल्यास नांवें कोणत्या क्रमानें घालावयाचीं, हें लिहिण्यापूर्वींच बोलून घ्यावें. मतभेद झाला तर बोलणें पुराव्याविषयीं असावें, व्यक्तीविषयीं नसावें. आणि मार्गदर्शकाखेरीज आणखी एक वडीलधारी व्यक्ति, सल्ला विचारतां येईल अशी, जोडून ठेवावी.

एवढें करूनही निभत नसेल, तर नियमांचा आधार घेण्यांत कमीपणा नाहीं. वरील नियमांत संशोधन-सल्लागार समितीची तरतूद आहे, आणि विद्यार्थ्यानें दर सहा महिन्यांनीं तिच्यापुढें आपल्या कामाची प्रगति मांडावयाची असते. कित्येक ठिकाणीं हा उपचार म्हणून उरकला जातो. वास्तविक विद्यार्थ्याचें म्हणणें चौघांच्या कानांवर जाण्याची ती हक्काची जागा आहे. विद्यार्थ्याकडून घरगुती कामें करवून घेणें, त्याचें लेखन स्वतःच्या नांवावर खपविणें, हा गुरूचा अधिकार नव्हे, आणि तो सहन करणें ही गुरुभक्तीही नव्हे. स्त्री-विद्यार्थिनीचा लैंगिक छळ झाल्यास 2013 च्या कायद्यानें तक्रार समितीचा मार्ग ठेवलेला आहे. तेथें संकोच करून गप्प बसल्यास पुढच्या विद्यार्थिनीवरही तोच प्रसंग येतो.

मार्गदर्शक आणि विद्यार्थी ह्या दोघांच्या मध्यें एक तिसरी गोष्ट असते, ती म्हणजे अभ्यासाचा विषय. दोघांचीही निष्ठा प्रथम त्या विषयाशीं असली, म्हणजे बाकीचे बरेचसे रुसवेफुगवे आपोआप लहान होतात. कॅनन ह्यांनीं ती निष्ठा राखली म्हणून त्यांना मतभेद सोसवला. फिशर ह्यांना ती राखतां आली नाहीं, तेव्हां एकट्या विद्यार्थिनीला ती राखावी लागली. आज जे विद्यार्थी आहेत, त्यांतील कित्येक उद्यां मार्गदर्शकाच्या खुर्चींत बसतील आणि त्यांच्यापुढें कोणी तरी बिचकत आपलें पहिलें प्रकरण ठेवील. स्वतःचे वाट पाहण्यांत गेलेले महिने ज्याला त्या वेळीं आठवतील, तो तें प्रकरण त्याच आठवड्यांत वाचून परत करील.