वेणा कुणाच्या, निर्णय कुणाचा?

(जे. पी. नगर येथे मंडळाच्या सभासदांपुढे केलेले भाषण)



आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. प्रसूतिवेदनांविषयी एका पुरुषाने, त्यातही बी.ए. होऊन केंद्र सरकारच्या फायलींवर सह्या करीत आलेल्या माणसाने, काय बोलावे? परंतु वेदनाशमनाचे उपाय आज हाताशी असताना ते घ्यावेत की नाही, हे घरात कोणी ठरवायचे, हा प्रश्न एकट्या डॉक्टरांवर सोपवण्याजोगा नाही.

हा वाद जुना आहे. 1847 साली एडिंबरोचे डॉ. जेम्स सिम्प्सन यांनी बाळंतपणात प्रथम ईथर व पुढे क्लोरोफॉर्म वापरला, तेव्हा धार्मिक आक्षेपांना उत्तर देण्यासाठी त्यांना पुस्तिका लिहावी लागली. 1853 मध्ये व्हिक्टोरिया राणीने राजपुत्र लिओपोल्डच्या जन्मसमयी डॉ. जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतला आणि विरोधाची धार बोथट झाली. (राणीच्या सासूबाई त्यापूर्वीच निवर्तल्या होत्या, ही गोष्ट वेगळी.) आपल्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या व ते मूल दहा दिवसांत गेले. 1886 साली फिलाडेल्फियात वैद्यकाची पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय घेतला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. त्या निवडीमागे काय दुःख असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

आता उपायांकडे वळू. आज सर्वांत प्रभावी मानला जातो तो एपिड्युरल. भूलतज्ज्ञ कंबरेच्या मणक्यांमधून, कण्याच्या आवरणाबाहेरच्या जागेत, एक बारीक नळी बसवतात व तीतून औषध देतात. स्त्री पूर्ण शुद्धीवर राहते. रक्तदाब उतरणे, पाय जड होणे, अंगात ताप येणे, जोर करण्याचा शेवटचा टप्पा काहीसा लांबणे, हे त्याचे परिणाम होत. शंभरात सुमारे एकीला नंतर तीव्र डोकेदुखी जडते. तिच्यावर उपचार आहे. रक्त न गोठण्याचा विकार असेल, किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर तो देता येईलच असे नाही. मात्र ‘पाठीत सुई घेतली की कंबर जन्माची गेली’ हा आपल्या घरोघरचा सिद्धान्त अभ्यासांत टिकलेला नाही. त्याने सिझेरियन वाढते असेही आढळलेले नाही. याखेरीज नायट्रस ऑक्साइड व प्राणवायू यांचे समभाग मिश्रण स्त्रीला स्वतःच मुखवट्यातून हुंगता येते. त्याचा आराम माफक, पण गुंगी काही मिनिटांत उतरते. पेथिडीनच्या इंजेक्शनने ग्लानी व मळमळ येते, आणि जन्माच्या अगदी आधी दिले गेल्यास बाळाचा श्वास मंदावू शकतो. चालणे, कोमट पाणी, पाठ चोळणे यांनाही कमी लेखू नये. आणि जिला काहीच नको, तिचा नकारही तितकाच आदरणीय मानावा.

आपली अडचण मात्र निराळीच आहे. सून पुण्याची, परिचारिका हासनची, विहीणबाई साताऱ्याहून डिंकाचे लाडू घेऊन आलेल्या. रात्री दोन वाजता कळा सुरू होतात आणि बाहेरच्या बाकावर परिषद भरते. ‘आम्हाला कुठे होते हे सगळे?’ असे एक जण म्हणते, खर्चाचे दुसरे कोणी काढते, आणि जिच्या वेणा चालू आहेत ती आत एकटी असते. कन्नडमध्ये वेदनेला ‘नोवु’ म्हणतात, एवढा शब्द तरी तिला आधी शिकवून ठेवावा.

येथे माझ्या कारकुनी अनुभवाचा थोडा उपयोग आहे. संमतिपत्र कोणाचे, हे सर्वोच्च न्यायालयाने 16 जानेवारी 2008 रोजी दिल्लीच्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. सज्ञान रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईकडून संमती घेऊन गर्भाशय काढण्यात आले होते. प्राणसंकट नसताना आईची संमती चालणार नाही, आणि उपचाराचे स्वरूप, लाभ, धोके व पर्याय रुग्णालाच सांगितले पाहिजेत, असे न्यायालयाने म्हटले. प्रत्यक्ष जन्मदात्या आईच्या संमतीची जर ही कथा, तर बाकावरच्या परिषदेची ती काय?

तेव्हा सातव्या-आठव्या महिन्यातच तिला घेऊन डॉक्टरांकडे बसावे आणि प्रश्न तिलाच विचारू द्यावेत. भूलतज्ज्ञ रात्री येतात का, की केवळ दिवसा? शुल्क किती? मागाहून मन बदलले तर कोणत्या टप्प्यापर्यंत एपिड्युरल मिळेल? सोबतीला कोणाला आत घेतात? केंद्र शासनाने 2016 साली सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण असू देण्यास मान्यता दिली. सतत धीर देणारे माणूस जवळ असले की कळांचा काळ कमी होतो व औषधाची गरजही घटते, हे अभ्यासांत दिसून आले आहे. तिचे मराठी जाणणारी सोबतीण मिळाली तर उत्तमच. ती आई असावी, सासू असावी की मैत्रीण, हेही तिलाच विचारावे.