स्पंज : सागरातला आणि तळ्यातला



शाळेत पाटी पुसण्यासाठी स्पंजाचा ओला तुकडा दप्तरात ठेवण्याची चाल एके काळी सर्वत्र होती. स्पंज हे मुळात एका प्राण्याचे नाव आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असे. बाजारातील आजचा स्पंज बहुधा कारखान्यात तयार होतो. त्याचे नाव आणि सच्छिद्र रूप समुद्रतळाशी राहणाऱ्या एका जीवाकडून आलेले आहे. केलगेरीपासून समुद्र दूर आहे, हे खरे. तथापि या प्राण्याचे काही भाऊबंद गोड्या पाण्यातही राहतात, आणि तळ्याकाठी वसलेल्या गावाने त्यांची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

स्पंजाला डोळे नाहीत, तोंड नाही, पोट नाही, हृदय नाही. तो एका जागी चिकटून राहतो. त्यामुळे दीर्घकाळ त्याची गणना वनस्पतींत होत असे. 1825 च्या सुमारास एडिंबरो येथील रॉबर्ट ग्रँट यांनी जिवंत स्पंजाचे बारकाईने निरीक्षण केले. त्याच्या मोठ्या छिद्रांतून पाण्याचा झोत सतत बाहेर पडत असल्याचे त्यांना दिसून आले. हे पाणी अंगावरील असंख्य बारीक छिद्रांतून आत शिरते. आतील पेशींना चाबकाच्या दोरीसारखे सूक्ष्म तंतू असतात व त्यांच्या हालचालीने प्रवाह चालू राहतो. पाण्यातील जिवाणू व सूक्ष्म कण गाळून घेणे, हेच स्पंजाचे भोजन होय. आपल्या आकारमानाच्या हजारो पट पाणी तो दिवसाकाठी गाळू शकतो. अशा छिद्रमय रचनेवरूनच या वर्गास 'रंध्रीय प्राणीसंघ' असे नाव मिळाले.

स्पंजाच्या शरीराला आधार देतात त्या सुईसारख्या कंटिका. काही जातींत त्या चुन्याच्या, तर बहुसंख्य जातींत वाळू व काच ज्या द्रव्याची बनते त्या सिलिकाच्या असतात. स्नानाच्या स्पंजात कंटिकांऐवजी मऊ तंतूंचे जाळे असते. स्पंजाची चिवटता तर विलक्षण आहे. 1907 साली अमेरिकेतील शास्त्रज्ञ एच. व्ही. विल्सन यांनी जिवंत स्पंज कापडातून पिळून त्याच्या पेशी सुट्या केल्या. त्या पेशी पुन्हा एकत्र आल्या आणि त्यांतून स्पंज घडला.

जगात स्पंजांच्या नऊ हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. ध्रुवप्रदेशापासून उष्ण कटिबंधापर्यंत, आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकापासून खोल सागरतळापर्यंत त्यांचा विस्तार आहे. भारतात मन्नारचे आखात, लक्षद्वीप, अंदमान व कच्छचे आखात ही त्यांची प्रमुख वसतिस्थाने असून कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावरही ते आढळतात. त्यांचा उपयोग केवळ पुसण्या-घासण्यापुरता नाही. कॅरिबियन समुद्रातील एका स्पंजात सापडलेल्या संयुगांच्या अभ्यासातून पुढे सायटाराबीन हे रक्ताच्या कर्करोगावरील औषध तयार झाले. अमेरिकेत 1969 साली त्यास मान्यता मिळाली व आजही ते वापरात आहे.

गोड्या पाण्यातील स्पंजांच्या जाती मात्र दोनशेहून काही अधिक एवढ्याच आहेत. त्यांच्या अभ्यासाच्या इतिहासात मुंबईच्या तळ्यांना मानाचे स्थान आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील डॉक्टर हेन्री जॉन कार्टर यांनी मुंबई बेटावरील तळ्यांतून स्पंज गोळा केले आणि 1849 साली त्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. यांपैकी काही जाती शास्त्राला तोवर अपरिचित होत्या. भारतातील तळ्यांत सर्रास आढळणाऱ्या एका जातीस 1863 साली कार्टर यांचेच नाव देण्यात आले.

या स्पंजांचे जीवन आपल्या ऋतुमानाशी जुळलेले आहे. उन्हाळ्यात पाणी उतरू लागले की मूळ स्पंज सुकून मरतो. परंतु तत्पूर्वी त्याच्या अंगात खसखशीसारखे बारीक, कठीण कवचाचे गोळे तयार झालेले असतात. त्यांस जेम्यूल म्हणतात. शेतकरी पुढील पेरणीसाठी बियाणे राखून ठेवतो, तसाच हा प्रकार होय. कोरड्या दगडावर हे गोळे उन्हाचा ताप सोसतात आणि पाऊस पडून पाणी चढले की त्यांतून नवा स्पंज वाढू लागतो.

या बियाण्यास तळे मात्र शिल्लक असावे लागते. मुंबईतील जुनी तळी एकामागून एक बुजविली गेली. धोबी तलाव, गवालिया टँक ही आता केवळ नावे उरली आहेत. तेथे पाण्याचा टिपूसही नाही. अवर्षण सोसणारा जीव भरावाखाली तग धरू शकत नाही. साचत जाणारा गाळही त्याची छिद्रे बुजवून त्याला गुदमरवतो.

केलगेरीचे तळे, ज्याचे पाणी एके काळी धारवाड शहराची तहान भागवीत असे, आजही आहे. ते बुजू न देणे, त्यात सांडपाणी व कचरा जाऊ न देणे, ही गावकरी व अधिकारी या दोघांचीही जबाबदारी आहे. शिक्षकांनी आणखी एक करावे. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर मुलांना कोणत्याही तळ्याच्या काठी न्यावे व दगडांच्या खालच्या बाजू, बुडालेली लाकडे, पायऱ्यांच्या फटी त्यांना पाहावयास लावाव्यात. पिवळट, करडा वा हिरवा खरबरीत थर दिसल्यास ते शेवाळ समजून खरवडू नये, भिंगातून पाहावे. त्यात खसखशीसारखे दाणे दिसले, तर तो बहुधा पुढील पावसाची वाट पाहणारा स्पंज असतो. दगड होता तसा परत ठेवावा.