थोड्या पैशांत नैरोबी



आफ्रिकेचें नांव काढलें कीं कोल्हापुरांतील जुनीं माणसें चित्त्यांच्या गोष्टी सांगूं लागतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत येथील संस्थानच्या शिकारखान्यासाठीं आफ्रिकेहून चित्ते आणीत आणि त्यांना हरणांच्या शिकारीसाठीं तयार करीत. त्या खंडाशीं आपली ओळख ती एवढीच! म्हणून केनियाची राजधानी नैरोबी पाहावयास मी निघालों, तेव्हां जो तो विचारूं लागला, "सिंह पाहायला चाललांत वाटतें?" मीं उत्तर दिलें, "नाहीं, माणसें पाहायला." आणि सिंह दाखविणाऱ्या सफरींना लागतात तेवढे पैसे माझ्याजवळ नव्हते, हेंहि तितकेंच खरें होतें.

काटकसरीच्या प्रवासाची तयारी घरींच व्हावयास हवी. पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधीं टोंचून घेऊन तिचा दाखला जवळ ठेवावा. तो नसेल तर परततांना आपल्याच विमानतळावर अडकून पडण्याची पाळी येते. २०२४ पासून केनियानें व्हिसाची जुनी पद्धत बंद केली असून प्रवासाची परवानगी इंटरनेटवरून आगाऊ घ्यावी लागते. प्लास्टिकच्या पिशव्यांना तेथें २०१७ पासून कडक बंदी आहे. तेव्हां चिवडा-लाडू अशा पिशव्यांत बांधून नेऊं नयेत. आणि एक लोकरी बंडी अवश्य न्यावी. विषुववृत्त जवळ, तेव्हां उकाडा असणारच, अशी माझी समजूत होती. परंतु हें शहर आपल्या महाबळेश्वराहूनहि उंच, समुद्रसपाटीपासून सुमारे ५,९०० फुटांवर आहे. जुलैच्या सकाळीं मी कुडकुडत होतों! 'नैरोबी' हें नांवच मुळीं मसाई लोकांच्या भाषेंतील 'थंड पाणी' या अर्थाच्या शब्दांवरून पडलेलें आहे.

या थंड पाण्याच्या कांठीं १८९९ सालीं रेल्वेनें आपला तळ दिला, आणि त्या तळाचेंच पुढें शहर झालें. मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा तो लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळांत बांधला गेला, तो बव्हंशीं हिंदी मजुरांच्या हातांनीं. सुमारे ३२,००० मजूर नेले होते, त्यांत पंजाबचे पुष्कळ. त्यांपैकीं जवळजवळ अडीच हजार तेथेंच मरण पावले. नैरोबीच्या रेल्वे-संग्रहालयांत एक जुना डबा जपून ठेवलेला आहे. १९०० सालीं त्या डब्यांत शिरून सिंहानें रायल नांवाच्या गोऱ्या पोलिस-अधिकाऱ्याचा बळी घेतला. मी गेलों तेव्हां सारे पाहुणे त्याच डब्याभोंवतीं जमले होते. त्या एका साहेबाचें नांव मागें राहिलें. अडीच हजारांचीं नांवें मला कोठें आढळलीं नाहींत.

पहिल्या दोन रात्री एका मराठी कुटुंबानें मला आग्रहानें आपल्या घरीं ठेवून घेतलें. उंच भिंतीच्या आंत अंगण, अंगणांत तुळस, आणि ताटांत पिठलें-भात! मी उद्यांपासून 'मतातू'नें हिंडणार असें म्हणतांच घरच्या बाई दचकल्या. म्हणाल्या, "अहो, आम्ही येथें वीस वर्षें आहों, पण त्यांत कधीं पाऊल टाकलें नाहीं. आमची गाडी घ्या, ड्रायव्हर घ्या." त्यांची माया खरी होती, आणि त्यांची भीतिहि अगदींच निराधार नव्हती. पण मी मतातूंतच बसलों.

मतातू म्हणजे आपलें वडाप. फरक इतकाच कीं, हें वडाप आंतून-बाहेरून चित्रांनीं रंगविलेलें असतें आणि गाणें इतक्या मोठ्यानें चालतें कीं शेजाऱ्याचें बोलणेंहि ऐकूं येऊं नये. 'तातू' म्हणजे तीन; आरंभीं तीन नाण्यांत प्रवास होई, म्हणून हें नांव पडलें असें सांगतात. दारांत लोंबकळणाऱ्या कंडक्टरला मीं हजार शिलिंगांची नोट दिली. त्यानें ती घडी करून बोटांत धरली आणि तो पुन्हां दाराकडे वळला. एक थांबा गेला, दुसरा गेला, पैसे कांहीं परत येईनात. घरच्या सगळ्या सूचना मला आठवूं लागल्या. माझ्या चेहऱ्यावरचा राग पाहून शेजारची भाजीवाली म्हणाली, "न्गोजा", म्हणजे थांबा. तिसऱ्या थांब्यावर सुटे जमतांच मागून पुढें, या हातांतून त्या हातांत, पांच अनोळखी माणसांच्या हातांतून माझे पैसे माझ्यापर्यंत आले. मीं ते मोजले. एक शिलिंगहि कमी नव्हता. कोल्हापूरच्या वडापांत मीं ते मोजले नसते, हें ध्यानांत आलें तेव्हां मला मोठी शरम वाटली.

त्यानंतर मात्र शहर माझ्याशीं बोलूं लागलें. स्वाहिली भाषा ऐकतांना मधूनच घरचे शब्द भेटतात. 'हबारी' म्हणजे खबर, 'किताबु' म्हणजे पुस्तक, 'दुका' म्हणजे दुकान, 'गारी' म्हणजे गाडी. चहा तर तेथेंहि 'चाय'च. यांतले कांहीं शब्द अरबी-फारशींतून दोन्ही किनाऱ्यांना पोंचले, कांहीं आपल्या लोकांबरोबर गेले. सकाळीं सात वाजतां तेथें स्वाहिलींत 'एक वाजला' म्हणतात. आपल्याकडे पूर्वीं सूर्योदयापासून घटका मोजीत, तशांतलाच हा प्रकार. खाणावळींत मक्याच्या पिठाचा घट्ट 'उगाली' येतो. तो हातानेंच खावयाचा, हें भाकरी खाणाऱ्याला शिकवावें लागत नाहीं. त्याबरोबर हिरवी पालेभाजी, तिचें नांव 'सुकुमा विकी', म्हणजे 'आठवडा पुढें ढकल'. महिनाअखेरीस आपल्याकडे पिठल्याचा जो मान, तोच तिकडे या भाजीचा! पैसे द्यावयाचे ते मोबाईलवरून. २००७ सालीं निघालेली ही 'एम-पेसा'ची सोय आतां भाजीच्या पाटीपर्यंत पोंचली आहे.

दुपारीं थकलों कीं मी जीवनजी बागेंत बसत असें. कराचीचे व्यापारी ए. एम. जीवनजी यांनीं १९०६ सालीं ही बाग शहराला दिली. तेथें बसून मनांत येई, ज्यांनीं बाग दिली त्यांचे लोक भिंतीआड कां राहिले? याचें एक कारण इतिहासांत आहे. इंग्रजी अमलांत शहराचे वर्णवार विभाग पाडलेले होते: गोऱ्यांची वस्ती वेगळी, हिंदी लोकांची वेगळी, आफ्रिकनांची वेगळी. राज्य १९६३ सालीं गेलें. संवय मात्र राहिली. परंतु ती मोडणारेहि झाले. पिओ गामा पिंटो हे मूळ गोमंतकीय घराण्यांतले, नैरोबींत जन्मलेले, हिंदुस्थानांत शिकलेले. गोव्याच्या मुक्तीसाठीं ते झटले आणि केनियाच्या स्वातंत्र्यासाठीं त्यांनीं तुरुंगवास सोसला. १९६५ सालीं त्याच शहरांत त्यांचा खून झाला. पुढें २०१७ सालीं केनिया सरकारनें तेथील हिंदी वंशाच्या लोकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. सरकारी कागदावर तरी ती भिंत पडली आहे.

आपणांपैकीं कोणी गेलांत तर सावधपणा जरूर ठेवा. अंधार पडल्यावर एकटें पायीं हिंडूं नका, गर्दींत मोबाईल हातांत मिरवूं नका, आणि मतातूंत बसतांना सुटे पैसे जवळ ठेवा. या गोष्टी मुंबईंतहि पाळाव्याच लागतात. पण यजमानांची गाडी मिळाली तरी निदान एक दिवस तरी तींतून उतरा. परत निघण्यापूर्वीं मी त्या मराठी घरीं निरोप घ्यावयास गेलों आणि मतातूची हकीकत सांगितली. बाई बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग त्यांनीं हळूच विचारलें, "भाडें किती पडतें हो?"

मीं त्यांना भाडें सांगितलें. पुढें त्या मतातूंत बसल्या कीं नाहीं, हें मला अद्याप कळलेलें नाहीं; पण त्यांनीं तें विचारलें, याचा मला सिंह पाहण्याहून अधिक आनंद झाला.