परसातले सामने



मंडळाच्या वर्धापनदिनी सुटीतल्या कौटुंबिक मेळाव्यांविषयी मी चार शब्द बोलावेत, असे चिटणीसबाईंनी सुचविले. विषय घरगुती आहे. पण त्यात एक प्रश्न आहे. मेळावा साऱ्या घराचा म्हणायचा आणि घरातल्या बायकांनी मात्र तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहायचा, हे कितपत बरे?

परसात माणसे जमली की पुरुष आणि मुले खेळतात, आपण पुऱ्या तळतो. खेळू नका असे आपल्याला कोणीच म्हणत नाही. पण पुऱ्या गरम हव्यात, म्हणून आपण चुलीपासून हलत नाही.

या मे महिन्यात आमच्याकडे लहानमोठी सतरा माणसे जमली होती. सासूबाईंनीच फर्मान काढले, "जेवण दुपारीच उरका. संध्याकाळी भेळ आणि पन्हे पुरे. परसात बॅडमिंटनचे सामने लावा." या खेळाला रीतसर ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद जागा लागते. विहीर आणि कढीलिंब सोडले तर आमच्या परसात त्याच्या निम्मीही नाही. तरी पेरूच्या झाडापासून वाळवणाच्या खांबापर्यंत जाळी बांधली, मध्यावर तिची उंची ५ फूट ठेवली, आणि फक्कीने रेघा आखल्या.

चिठ्ठ्या टाकून आठ जोड्या केल्या. प्रत्येक जोडीत एक बाई किंवा मुलगी हवीच. सामना ११ गुणांचा, आणि हरलेल्या जोडीने भेळ कालवायची! सासूबाई पंच झाल्या. पहिल्याच सामन्यात थोरले भावजी हरले आणि निमूटपणे कांदा चिरायला बसले.

आमच्या थोरल्या जाऊबाई शाळेच्या संघातून खेळत असत. लग्नानंतर बावीस वर्षांत त्यांनी रॅकेट हातात धरली नव्हती. त्यांच्या जोडीला वन्संचा तेरा वर्षांचा मुलगा आला. पहिली चार फुले जाळीत गेली. पाचवे त्यांनी जाळीला लागून असे अलगद टाकले की समोरचा जागेवरून हललाच नाही. ही जोडी अंतिम सामन्यापर्यंत गेली आणि ११-९ अशी हरली. त्यांचा मुलगा म्हणाला, "आई, तू खेळायचीस हे आम्हांला ठाऊकच नव्हतं!" दुसऱ्या दिवशी सकाळी जाळी बांधायला जाऊबाईच पुढे होत्या.

हा खेळ आपल्याला परका नाही. गेल्या शतकाच्याही आधी पुण्याच्या छावणीत इंग्रज अधिकारी तो खेळत, म्हणून त्याला 'पूना' असेही म्हणत. १८९९ साली ऑल इंग्लंड स्पर्धा प्रथम भरली, तेव्हा स्त्रियांची दुहेरी आणि मिश्र दुहेरी तिच्यात होती. एकेरी सामने पुढच्या वर्षी आले. पुण्याच्याच प्रा. दि. ब. देवधर यांच्या मुली तारा, सुंदर आणि सुमन यांनी १९४० नंतरच्या दशकात राष्ट्रीय स्पर्धा गाजविल्या. तरीही स्त्रियांचा एकेरीचा डाव ११ गुणांचा आणि पुरुषांचा १५ गुणांचा, हा भेद पुष्कळ वर्षे राहिला. २००६ साली सर्वांना २१ गुणांचा एकच नियम झाला, तेव्हा तो मिटला.

बॅडमिंटनच हवे असे नाही. जागा लहान असेल तर लगोरी मांडा. सात चपट्या ठिकऱ्या आणि एक चेंडू पुरतो. गुडघे दुखणाऱ्या आजीला पंच करा. मात्र दोन गोष्टी आधीच ठरवा: खेळाच्या वेळी चूल बंद, आणि घरातली प्रत्येक बाई एकदा तरी मैदानात.

पदार्थ दोन कमी झाले तर पाहुणे उपाशी जात नाहीत. पण आपली आई, आपली सून काय काय करू शकते, हे घराला कळायचे राहून जाते. येत्या दिवाळीत मुले-माणसे जमतील, तेव्हा एवढे करून पाहा, आणि पुढच्या बैठकीत कोण जिंकले ते मला जरूर सांगा.