सभ्य वेषातील शस्त्र

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात जरीपटका, नागपूर येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून शिष्यवृत्ती, वधूवरसूचन, सामुदायिक विवाह, व्यसनमुक्ती अशा विषयांवर आजवर पुष्कळ व्याख्याने झाली. पिस्तुलावर बोलण्याचा प्रसंग मात्र बहुधा पहिलाच असावा. चिटणीसांनी हा विषय सुचविला तेव्हा कार्यकारिणीतील एका वृद्ध सभासदांनी, "सोन्याच्या तराजूशेजारी हे लोखंड कशाला?" असा प्रश्न केला. प्रश्न योग्य होता. परंतु आपला समाज सोनारकी आणि सराफीवर वाढलेला. रात्री दुकान वाढवून इतवारीतून वा येथल्याच बाजारातून घरी निघणाऱ्या माणसाच्या अंगावर जी जोखीम असते तिची काळजी त्याच्या घरच्यांना रोजच वाटत असते. त्या काळजीपोटी शस्त्राच्या परवान्याचा अर्ज लिहून घेण्यासाठी जे सभासद मजकडे येतात त्यांची संख्या अलीकडे वाढली आहे. त्यांतील बहुतेकांना परवाना कसा मिळवावा हे जाणून घ्यावयाचे असते. मिळालेले शस्त्र चारचौघांत, व्यापारी माणसाच्या साध्या कपड्यांत, कसे वागवावे हे विचारणारा मात्र विरळा. म्हणून आज त्याच गोष्टीविषयी चार शब्द बोलावे असे मी ठरविले आहे.

आपण जेथे जमलो आहोत त्या वस्तीचे नावच मोठे बोलके आहे. जरीपटका म्हणजे मराठ्यांचे जरीचे निशाण. सैन्यापुढे ते मिरवीत जावयाचे ते सर्वांनी पाहावे म्हणून. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या कुटुंबांनी ही वस्ती व्यापाराने गजबजून टाकली. निशाण मिरवावयाचे असते. शस्त्राचे, निदान नागरिकाच्या शस्त्राचे, तसे नाही. हा भेद आपल्याकडे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही.

या बाबतीत आपला इतिहासही थोडा पाहण्यासारखा आहे. १८७८ च्या शस्त्रकायद्याने इंग्रज सरकारने हिंदी माणसाला निःशस्त्र केले आणि युरोपियनांना मात्र त्यातून सूट दिली. या अपमानाची दोन उत्तरे मराठी मुलखात दिली गेली आणि दोन्ही परस्परांच्या अगदी उलट होती. १९०९ साली लंडनहून ब्राउनिंग पिस्तुले पेटीच्या चोरकप्प्यात दडवून मुंबईला आली आणि त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. हे झाकलेले शस्त्र. पुढे १९२७ साली आपल्या या नागपुरात जनरल मंचरशा आवारी यांनी शस्त्रकायद्याविरुद्ध सत्याग्रह मांडला. त्यांचे स्वयंसेवक भर रस्त्यावरून, लोकांच्या व पोलिसांच्या देखत, तलवारी घेऊन निघत आणि तुरुंगात जात. हे उघडे शस्त्र. महात्माजींना हा प्रकार रुचला नाही. तलवार आणि सत्याग्रह यांची सांगड त्यांना मान्य नव्हती. तरीही १९३० साली व्हाइसरॉयपुढे त्यांनी ज्या अकरा मागण्या ठेवल्या त्यांत आत्मसंरक्षणासाठी शस्त्रांचे परवाने मिळावेत, आणि त्यांवर लोकांचे नियंत्रण असावे, ही एक मागणी होतीच. अहिंसेच्या उपासकाने ती मागणी करावी याचे अनेकांना नवल वाटते. मला वाटत नाही. नागरिकावर विश्वास टाका, एवढाच तिचा अर्थ होता.

स्वराज्यात १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. त्याखालील २०१६ च्या नियमांनी या उघड्या-झाकल्याच्या प्रश्नाचा स्पष्ट निकाल लावून टाकला आहे. सार्वजनिक जागी पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर बाळगावयाचे तर ते अंगाला बांधलेल्या म्यानात, म्हणजे ज्याला आपण होल्स्टर म्हणतो त्यात, किंवा तशाच योग्य पिशवीत असावे. ते पूर्णपणे झाकलेले असावे. आणि बाळगणाऱ्याचा त्यावर पुरता ताबा असावा. ते बाहेर काढून दाखविणे वा फिरविणे निषिद्ध. सारांश, शस्त्र लपविणे ही येथे चोरी नसून कायद्याची आज्ञा आहे. अमेरिकेत कित्येक राज्यांत कमरेला पिस्तूल उघडे लावून हिंडता येते. ब्रिटनमध्ये १९९६ साली डनब्लेनच्या शाळेत लहान मुलांचे हत्याकांड झाल्यावर पुढच्याच वर्षी नागरिकांची पिस्तुलेच बंद झाली. आपला मार्ग या दोहोंमधला आहे आणि माझ्या मते तो शहाणपणाचा आहे.

आता वेषाकडे वळू. आपल्या आजोबांचा पोषाख धोतर, लांब कोट आणि टोपी. त्या कोटात काय नि किती मावे हे त्यांनाच ठाऊक! आज आपला व्यापारी सदरा-पाटलोणीत असतो, क्वचित सफारीत, आणि कोट घालतो तो बँकेच्या व्यवस्थापकाला वा मोठ्या गिऱ्हाइकाला भेटावयाचे असेल तेव्हा. नागरिकाला परवान्यावर मिळणारे शस्त्र सामान्यतः ०.३२ बोअरचे, ९ मिलिमीटरचे पिस्तूल आपल्यासाठी निषिद्ध आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे या बोअरचे रिव्हॉल्व्हर रिकामे असताना सुमारे ७०० ग्रॅम भरते. २०१४ साली स्त्रियांसाठी म्हणून काढलेले 'निर्भीक' सुमारे ५०० ग्रॅमचे. सोन्याचा गुंजभर फरक ओळखणाऱ्या आपल्या लोकांना सांगावयास नको की एवढे वजन कमरेच्या एका बाजूला लोंबू लागले म्हणजे पाटलोण कलते, चाल बदलते, आणि पाहणाऱ्याला काही न सांगता सारे समजते. म्हणून पहिला खर्च पट्ट्यावर करावा. दुपदरी, ताठ कातड्याचा पट्टा आणि चाप पूर्ण झाकणारे घट्ट म्यान, एवढ्याने निम्मे काम होते. नुसत्या खिशात किल्ल्या, सुटे पैसे आणि भरलेले पिस्तूल एकत्र ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांना अद्याप इजा झाली नाही ही त्यांच्या कुलदेवतेची कृपा.

कोट शिवावयास टाकताना शिंप्याकडे शस्त्र नेण्याचे काहीच कारण नाही. त्याच आकाराचा लाकडी ठोकळा पट्ट्याला लावून माप द्यावे, कमरेपाशी दोन बोटे सैल ठेवण्यास सांगावे आणि त्या जागी अस्तर दुहेरी घालून घ्यावे, कारण घर्षणाने प्रथम तेच झिजते. गडद रंगाच्या वा बारीक चौकटीच्या कापडात उंचवटा दिसत नाही. पांढऱ्या, झुळझुळीत कापडात तो तत्काळ दिसतो. पण नागपूरच्या वैशाखात पारा ४५ अंशांपलीकडे गेलेला असता जो गृहस्थ कोट चढवून बाजारात येतो त्याच्याकडे सारा बाजार वळून पाहील! त्या दिवसांत बाहेर सोडलेला, सरळ काठाचा, एक माप सैल असा बुशशर्ट बरा. सदरा आत खोचून, वर कोट नसताना, कमरेचे शस्त्र झाकण्याची खरी सोय नाही, आणि ज्यांना तसाच पोषाख करणे भाग आहे त्यांनी त्या दिवशी शस्त्र घरी कुलपात ठेवावे.

कपड्यांपेक्षाही हालचाल माणसाला उघडे पाडते. दुकानात वरच्या फळीवरचा डबा काढताना सदरा वर सरकतो. गादीवर मांडी घालून बसले की कमरेचे शस्त्र पोटात रुतते आणि मग ते सारखे पुढेमागे करावे लागते. तेवढ्या वेळापुरते ते स्वतःच्या हाताजवळच्या कुलुपबंद खणात ठेवणे उत्तम, मात्र त्या खणाची किल्ली नोकराच्या हाती जाता कामा नये. वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करताना कोटाचा मागचा भाग उचलला जातो. जिवलग मित्र कडकडून भेटतो आणि त्याचा हात नेमका तेथे लागतो. सर्वांत वाईट खोड म्हणजे शस्त्र जागेवर आहे की नाही हे दर पाच मिनिटांनी चाचपून पाहण्याची. नवा परवाना मिळालेला माणूस बाजारात मी या एका खुणेवरून ओळखतो. मी ओळखतो तर ज्याचा धंदाच पाळत ठेवण्याचा आहे तो ओळखणार नाही काय?

लग्नकार्यात तर शस्त्र आणूच नये. परवान्याच्या अटींप्रमाणे विशेष अनुमतीवाचून ते जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक जमावात किंवा शाळा-महाविद्यालयाच्या आवारात नेता येत नाही. वरातीत हवेत बार काढण्याची जी हौस काही ठिकाणी बोकाळली आहे तिच्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. बार वर गेला तरी गोळी खालीच येते, एवढेही ज्याला कळत नाही त्याच्या हाती शस्त्र कोणी दिले असा प्रश्न मला पडतो.

झाकणे केवळ कापडाचे नसते. ज्याने कमरेचे पिस्तूल कोटाखाली ठेवले पण त्याचे छायाचित्र मात्र भ्रमणध्वनीवरून शंभर जणांना धाडले, त्याने काय झाकले? आपल्या तरुणांपैकी काहींना ही मोठी प्रतिष्ठा वाटते. वस्तुतः घरात शस्त्र आहे ही वार्ता दरोडेखोराला भिववीत नाही. उलट तेथून चोरून नेण्यासारखी आणखी एक वस्तू त्याला कळते. तद्वत् वडिलांच्या नावाचे शस्त्र मुलाने कमरेला लावणे हाही गुन्हाच आहे. परवाना घराण्याचा नसतो, व्यक्तीचा असतो, आणि एकवीस वर्षांखालच्या मुलाच्या तर तो वाऱ्यालाही उभा राहत नाही.

आता एक कटु गोष्ट. जे शस्त्र नीट झाकलेले असते ते चटकन निघत नाही. कोटाचे बटण, म्यानाचा बंद, घाबरलेली बोटे, आणि समोर तीन-चार माणसे, ज्यांनी क्षण आपल्या सोयीने निवडलेला. अशा वेळी पिस्तूल पुष्कळदा उपयोगी पडत नाही, आणि झटापटीत ते त्यांच्याच हाती गेले तर पाहावयास नको. म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी मी प्रत्येकाला विचारतो: जोखीम घेऊन रोज एकाच वाटेने, एकाच वेळी, एकटे जाता काय? विमा उतरविला आहे काय? या दोहोंची व्यवस्था लावल्यावर कित्येकांनी अर्जाचा विचार सोडून दिला आहे आणि मला त्याचा आनंद वाटतो. शिवाय आत्मसंरक्षणाचा हक्क, जो आता भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, तो अमर्याद नाही. प्राणावर बेतले असता वा जबरी चोरी चालू असता तो फार दूरवर जातो. परंतु पिशवी टाकून पळणाऱ्याच्या पाठीवर गोळी झाडणाऱ्याला न्यायालयात उत्तर देणे अतिशय कठीण असते.

तरीही ज्यांना खरोखरच गरज आहे त्यांनी सरळ मार्गाने जावे. नागपूर शहरात परवाना पोलीस आयुक्तांकडून मिळतो, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून. वैद्यकीय दाखला लागतो, सुरक्षित हाताळणीचे शिक्षण घ्यावे लागते. परवाना आता पाच वर्षांचा असतो आणि एका व्यक्तीला दोनपेक्षा अधिक अग्निशस्त्रे ठेवता येत नाहीत. विनापरवाना देशी कट्टा घेणाऱ्याला किमान दोन वर्षे कैद आहे. 'स्वस्तात मिळतो' म्हणून सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

शेवटी भगिनींसाठी थोडे. आपल्याच समाजातील एक वृद्ध सराफ काही वर्षांपूर्वी निवर्तले. त्यांच्याजवळ बावीस वर्षे रिव्हॉल्व्हर होते. रोज रात्री दुकानातून घरी येताना ते कोटाखाली असे, घरी येताच गोळ्या एका खणात आणि शस्त्र दुसऱ्या खणात कुलुपबंद होई. शेजाऱ्यांना, व्याह्यांना, इतकेच काय, दुकानातील जुन्या दिवाणजींनाही त्याचा पत्ता नव्हता. एकदाही ते झाडण्याची वेळ आली नाही. पण त्यांच्या पत्नीला सारे ठाऊक होते: किल्ली कोठे, परवान्याचे पुस्तक कोठे, गोळ्या किती. तेरावे होताच त्या थोरल्या मुलाला घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या, शस्त्र व काडतुसे जमा केली आणि पावती घेतली. कायद्याची अपेक्षा हीच आहे: परवानाधारक गेल्यावर शस्त्र विनाविलंब जमा करावे, वारसाला ते हवे असेल तर त्याने आपल्या नावाने परवाना मागावा. असे न करता वडिलांची आठवण म्हणून ते कपाटात ठेवून देणारी कुटुंबे नकळत गुन्हेगार ठरतात. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याची सूचना आली तर तीही टाळू नये, आणि ते हरवले वा चोरीस गेले तर लाज न बाळगता त्याच दिवशी जवळच्या ठाण्यात वर्दी द्यावी.

ज्या घरी शस्त्र आहे तेथील गृहिणीने आज घरी गेल्यावर परवान्याची मुदत केव्हा संपते एवढे पाहून ठेवावे. कोणास काही शंका असल्यास भोजनोत्तर मी येथेच आहे.