कात टाकावी, कणा नव्हे

(कुटुंब मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



विषयपत्रिकेवर ‘परंपरा आणि परिवर्तन’ असे भारदस्त शीर्षक छापलेले आहे. या विषयावर वेद-उपनिषदांपासून बोलता येईल, आणि तसे बोलणारे अधिकारी पुरुष आपल्याकडे आहेत. मी मात्र आज एका मोटारीविषयी बोलणार आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगणात ती कधी उभी राहणार नाही. तरीही तिच्या निमित्ताने जगभर जे वादळ उठले, त्यात आपल्या घराला आणि आपल्या उद्योगाला घेण्यासारखे बरेच काही आहे.

१९ नोव्हेंबर २०२४ ची गोष्ट. आमच्या शेजारचा एक महाविद्यालयीन विद्यार्थी मोबाईल घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, “काका, ही जाग्वार आपल्या टाटांचीच ना? मग हे काय आहे?” मी पाहिले. अर्ध्या मिनिटाची चित्रफीत होती. भडक रंगांचे, विचित्र घडणीचे कपडे घातलेली काही माणसे एका निर्जन, रंगीत प्रदेशात गंभीर चेहऱ्याने वावरत होती. सामान्य ते पुसून टाका, साचे मोडा, अशा अर्थाची वाक्ये पडद्यावर उमटत होती. शेवटी कंपनीचे नाव आले, तेही लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांची सरमिसळ करून लिहिलेले. संपूर्ण चित्रफितीत एक गोष्ट कुठेही नव्हती. ती म्हणजे मोटार!

यानंतर काय घडले, ते आपण जाणताच. कोट्यवधी लोकांनी ती चित्रफीत पाहिली आणि बहुतेकांनी कपाळाला हात लावला. इलॉन मस्क यांनी एका ओळीत विचारले, “तुम्ही मोटारी विकता का?” कंपनीने त्यांना मायामीला चहाचे निमंत्रण दिले. ब्रिटनमधील एका राजकीय नेत्याने कंपनीचे दिवाळे निघण्याचे भाकीत केले. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये तर अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनीही या जाहिरातीचा जाहीर उद्धार केला.

मित्रहो, प्रश्न असा पडतो की, ज्यांनी ही मोटार कधी विकत घेतली नाही, पुढेही घेण्याचा संभव नाही, अशा कोट्यवधी लोकांना एवढा राग का यावा? या प्रश्नाचे उत्तर जाग्वारच्या इतिहासात आहे.

१९२२ साली इंग्लंडमधील ब्लॅकपूल या गावी विल्यम लायन्स आणि विल्यम वॉम्सली या दोन तरुणांनी मोटारसायकलींना जोडायच्या साइडकार बनवण्याचा उद्योग सुरू केला. लायन्स तेव्हा अवघे एकवीस वर्षांचे होते. १९२८ मध्ये कारखाना कॉव्हेंट्रीला आला. पुढे मोटारी बनू लागल्या आणि १९३५ मध्ये ‘एसएस जाग्वार’ हे नाव प्रथम आले. १९४८ ची ‘एक्सके १२०’, १९६१ ची ‘ई-टाइप’ या मोटारींनी जगाला वेड लावले. ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत १९५१ ते १९५७ या सात वर्षांत जाग्वार पाच वेळा जिंकली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने १९९६ मध्ये ‘ई-टाइप’ला आपल्या संग्रहात स्थान दिले. ब्रिटनचे पंतप्रधान वर्षानुवर्षे जाग्वारमधून फिरले. अशा वस्तूची नोंद कंपनीच्या ताळेबंदात होत असली, तरी तिचा खरा मालक एक समाज झालेला असतो. ज्याने ती विकत घेतली नाही, त्यानेही तिचे चित्र लहानपणी भिंतीवर लावलेले असते. म्हणूनच रागावलेले लोक ग्राहक नव्हते, हा कंपनीच्या समर्थकांचा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. गावातील देवळाचा कळस बदलायचा झाला, तर रोज दर्शनाला न येणाराही बोलतोच.

परंतु याच इतिहासात दुसरीही एक गोष्ट आहे आणि ती रागावलेल्यांनी लक्षात घ्यायला हवी. १९४५ मध्ये स्वतः लायन्स यांनीच कंपनीचे नाव बदलले होते. ‘एसएस’ ही अक्षरे नाझी जर्मनीतील हिटलरच्या संघटनेमुळे कलंकित झाली होती. लायन्स यांनी ती काढून टाकली आणि ‘जाग्वार कार्स’ हे नाव घेतले. म्हणजे नाव बदलणे हे पाप नव्हे. कालबाह्य वा कलंकित झालेले टाकावेच लागते. तेव्हा अक्षरे गेली. परंतु मोटारीचा डौल, तिचा वेग आणि कारागिरी राहिली. साप कात टाकतो, म्हणून त्याचा वंश बदलत नाही. कात टाकावी, कणा टाकू नये.

आता टाटांकडे वळू. ब्रिटिश लेलँडच्या काळात जाग्वारची रया गेली. १९८९ मध्ये ती फोर्डकडे गेली. जून २००८ मध्ये टाटा मोटर्सने जाग्वार आणि लँड रोव्हर हे दोन्ही उद्योग सुमारे २३० कोटी डॉलरना विकत घेतले. ज्यांच्या राज्यावर सूर्य मावळत नव्हता, त्यांच्या मानाच्या मोटारीचे स्वामित्व मुंबईकडे आले, याचा आपल्याला आनंद झाला आणि तो स्वाभाविक होता. पाठोपाठ जागतिक मंदी कोसळली. २००८-०९ या वर्षात टाटा मोटर्सला एकत्रित सुमारे अडीच हजार कोटी रुपयांचा तोटा झाला. हा हत्ती पोसवणार नाही, असे अनेक पंडित म्हणाले. रतन टाटा डगमगले नाहीत. मला त्यांच्या धैर्यापेक्षाही त्यांचा विवेक मोठा वाटतो. त्यांनी त्या मोटारीवर आपले नाव लावण्याची घाई केली नाही. तिचा इंग्रजी स्वभाव, तिचे इंग्रज कारागीर तसेच राहू दिले. दुसऱ्याचा वारसा विश्वस्ताच्या भावनेने कसा सांभाळावा, याचा तो वस्तुपाठ होता. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी रतन टाटा गेले आणि जेमतेम सहा आठवड्यांनी ही चित्रफीत आली. आपल्याकडे अनेकांना ती अधिकच बोचली, त्याचे हेही एक कारण आहे.

तथापि, न्यायाने बोलायचे तर कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. २०१८ मध्ये जाग्वारच्या सुमारे १ लाख ८० हजार मोटारी विकल्या गेल्या होत्या. पुढच्या पाच वर्षांत हा आकडा निम्म्याहूनही खाली आला. जर्मन स्पर्धकांशी त्यांच्याच मैदानावर लढणे परवडत नव्हते. म्हणून फेब्रुवारी २०२१ मध्येच कंपनीने जाहीर केले होते की, जाग्वार पूर्णपणे विजेवर चालणारी होईल. मोटारी थोड्या, पण अधिक मौल्यवान असतील. भिंतीवर चित्र लावणारे पुष्कळ होते. मोटार घेणारे उरले नव्हते. नुसत्या जयजयकाराने चूल पेटत नाही, हे आपल्या संस्थांनीही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

बंधूंनो, येथे सत्याविषयी थोडे बोलतो. २०२५ च्या उन्हाळ्यात एक आकडा घरोघरी पोहोचला. एप्रिल २०२४ मध्ये युरोपात १,९६१ जाग्वार विकल्या गेल्या होत्या. एप्रिल २०२५ मध्ये अवघ्या ४९! बघा, जाहिरातीने कंपनी बुडवली, असे म्हणत हा आकडा फिरला. तो खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा आहे. नव्या मोटारीच्या तयारीसाठी कंपनीने आपल्या बहुतेक जुन्या मोटारींचे उत्पादन आधीच थांबवले होते. दुकानात माल ठेवलाच नाही, तर विक्री कुठून होणार? झेपावणारा जाग्वार चिन्हातून हद्दपार केला, असेही सांगितले गेले. तेही खरे नव्हते. तो वेगळ्या रूपात राहिला होता. आपल्याला एखादी गोष्ट आवडली नाही, म्हणून तिच्याविषयीचे असत्य पुढे पाठवण्याचा अधिकार मिळत नाही. त्या चित्रफितीतील माणसांच्या रूपावरून जी गलिच्छ शेरेबाजी झाली, तिचेही समर्थन होऊ शकत नाही. टीका निर्णयावर असावी, देहावर नसावी. घरातील मुले आपला मोबाईल वाचत असतात, हे विसरू नका.

मग कंपनीची चूक कोणती? माझ्या मते तिने बदल केला, ही चूक नव्हे. तिने बदलाची भाषा चुकवली. जाग्वार कशाचीही नक्कल नसावी, हा लायन्स यांचा विचार म्हणून सांगितला जातो आणि कंपनीने त्याचाच आधार घेतला. विचार उत्तमच आहे. परंतु लायन्स यांनी तो मोटार घडवून सिद्ध केला होता. येथे घोषणा आधी आली आणि वस्तू नंतर. २ डिसेंबर २०२४ रोजी मायामीत ‘टाइप ००’ ही नमुना मोटार दाखवली गेली, तेव्हा काहींनी तिचे कौतुकही केले. पण तोवर मने विटली होती. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ असे म्हणायला लोकांना दोन आठवडे मोकळे मिळाले. दुसरे असे की, पुसून टाका, मोडा, ही भाषा ज्यांनी आयुष्यभर त्या नावावर प्रेम केले, त्यांच्या कानी अवहेलनेसारखी पडली. वडिलांचे घर दुरुस्त करायला काढणे वेगळे आणि वडिलांना अडगळ म्हणणे वेगळे.

अशी उदाहरणे आणखीही आहेत. १९८५ मध्ये कोकाकोलाने सुमारे दोन लाख लोकांना चव देऊन नवे पेय आणले. चाचण्यांत ते सरस ठरले. तरी तीन महिन्यांच्या आत जुने परत आणावे लागले. लोकांच्या जिभेची परीक्षा घेतली होती, स्मृतीची घेतली नव्हती. उलट उदाहरण आपल्या पुण्यातले. बजाजची चेतक स्कूटर एका पिढीच्या संसाराची साक्षीदार होती. या शतकाच्या पहिल्या दशकात ती बंद झाली. २०२० मध्ये ती परत आली ती विजेवर चालणारी. इंजिन गेले, पेट्रोल गेले, किक गेली. परंतु राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव राहिले, धातूची मजबूत काया राहिली, ओळखीचा बाक राहिला. अंतरंग आमूलाग्र बदलले आणि तरीही कोणाला परके वाटले नाही. आपल्याकडे याला जीर्णोद्धार म्हणतात. अहिल्यादेवींनी काशी विश्वेश्वराचे मंदिर उभारले, तेव्हा दगड नवे होते. देव तोच होता.

जाग्वारचे पुढे काय होईल, याचे भाकीत मी करणार नाही. नवी मोटार एक लाख पौंडांहून अधिक किमतीची असेल आणि तिचा निवाडा तिचे ग्राहकच करतील. नोव्हेंबर २०२५ पासून त्या संपूर्ण उद्योगाची धुरा टाटा समूहातीलच पी. बी. बालाजी यांच्याकडे आली आहे. त्या कारखान्यांवर इंग्लंडमधील हजारो कुटुंबांची चूल अवलंबून आहे आणि त्यांच्या यशाशी आपल्या एका थोर उद्योगाची प्रतिष्ठा जोडलेली आहे. म्हणून ती बुडावी, अशी इच्छा धरणे मला कधीही जमणार नाही. तिला वाट सापडावी, हीच माझी इच्छा आहे.

शेवटी एकच सांगतो. येथे बसलेल्यांपैकी कोणाचे वडिलोपार्जित दुकान आहे, कोणाचा छोटा कारखाना, कोणी शिक्षणसंस्था चालवतात. आज ना उद्या मुलगा किंवा सून तुमच्यासमोर येईल आणि म्हणेल, “बाबा, हे सारे बदलायला हवे.” तेव्हा रागावू नका. त्यांना समोर बसवा आणि दोन याद्या करायला सांगा. पहिल्या यादीत काय बदलायचे ते लिहा. दुसऱ्या यादीत, सर्व काही बदलले तरी लोकांनी आपल्याला कशावरून ओळखावे, ते लिहा. पहिली यादी मुलांना करू द्या. दुसरी त्यांच्याबरोबर बसून करा. ज्या घरात ही दुसरी यादी तयार आहे, त्या घराने पहिल्या यादीला भिण्याचे कारण नाही.