स्पर्शाचं धाडस

मार्काच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. ज्याला शिवायला कुणी धजत नव्हतं, त्या कुष्ठरोग्याला येशूने हात लावला आणि बरं केलं. ख्रिस्ती श्रद्धेत निःस्वार्थ प्रेमाची कसोटी ही अशी आहे: दुसऱ्याचं दुःख दुरून पाहायचं नाही, त्याची झळ स्वतः सोसायची. बेल्जियमचे फादर डेमियन 1873 मध्ये हवाई बेटांतल्या मोलोकाईच्या कुष्ठवस्तीत गेले. पुढे तोच आजार त्यांना जडला आणि 1889 मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं.

असं धाडस आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्यानेही पाहिलं. बाबा आमटे ख्रिस्ती नव्हते. तुळशीराम या कुष्ठरुग्णाला पाहून ते आधी भीतीने पळाले, मग परतून त्यांनी त्याची शुश्रूषा केली. पुढे कोलकात्यात ते कुष्ठरोगाचे उपचार शिकले, प्रयोगासाठी स्वतःचं शरीरही त्यांनी देऊ केलं. 1949 मध्ये पत्नी साधनाताईंच्या साथीने वरोऱ्याजवळच्या माळावर आनंदवन उभं राहू लागलं.

चंद्रपूर-गडचिरोलीत कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आजही आढळतात. पण आता एमडीटी या बहुऔषधी उपचाराच्या औषधांनी हा आजार साधारण 6 ते 12 महिन्यांत बरा होतो. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात आणि उपचार सुरू झाल्यावर संसर्गाचा धोका लवकरच संपतो. अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर गावातल्या आशा आरोग्यसेविकेला दाखवा. शेजाऱ्याला तसा चट्टा निघाला, तर त्याला टाळू नका. तपासणीला त्याच्यासोबत जा.